पट कमी कुणी केला, साहेब?

प्रति,
शालेय शिक्षण विभागाचे कागद तयार करणारे साहेब,
मंत्रालय, मुंबई



तुमचं नाव मला ठाऊक नाही. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं छापलेलं असतं, खाली कुणातरी उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते. पण मूळ कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, पहिला मसुदा कुणी टाईप करायला दिला, हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितोय. ज्यांचं त्यांना पोचेल.

मी भिवपुरीचा. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झालो. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या वाड्या पायाखालच्या आहेत. तुमचे कागद आमच्याकडे पोचतात ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग केंद्रप्रमुखाच्या तोंडून आणि शेवटी वाडीवरच्या आईच्या काळजात.

दोन कागदांविषयी बोलायचं आहे. पहिला २१ सप्टेंबर २०२३ चा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ पुढे केलं होतं. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ निघाल्या, त्यांत शिकणारी मुलं १ लाख ८५ हजारांवर. दुसरा कागद ९ फेब्रुवारी २०२४ चा. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखल्या आहेत. तुम्ही नियम बदललात आणि म्हणालात, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला हे बंधन नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, साहेब. तुम्ही ते तसे कधी वाचले नसावेत. पहिला म्हणतो, वाडीवरची सरकारी शाळा लहान आहे, ती बंद करून पोरांना लांबच्या शाळेत न्या. दुसरा म्हणतो, गरिबाच्या पोराने खासगी शाळेत जागा मागायचं कारण नाही, घराजवळ सरकारी शाळा आहे ना! पहिल्या कागदाने जी शाळा मोडायची, तिच्याच जोरावर दुसऱ्या कागदाने दार लावायचं. साडेचार महिन्यांत एकाच खात्यातून हे दोन्ही निघालं.

दुसरा कागद न्यायालयात टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तुमच्या बाजूने उभं राहायला नकार दिला. पण तोवर जून उलटून गेला होता. शाळा सुरू झाल्या, वह्या-पुस्तकं वाटून झाली आणि अर्ज केलेले आईबाप निकालाची वाट बघत बसले. त्या आठवड्यांचा हिशेब तुमच्या कुठल्या रकान्यात आहे?

पहिल्या कागदावर गदारोळ झाला तेव्हा ‘एकही शाळा बंद करणार नाही’ असं सांगितलं गेलं. आमचा विश्वास बसला नाही, कारण डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा अशाच एका फटक्यात यादीवर आल्या होत्या. आणि शाळा बंद करायला ‘बंद’ असा हुकूम काढावाच लागतो असं नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तिथे शिक्षकाचं पद शून्यावर आणलं. शाळा कागदावर चालू आणि वर्गात शिकवायला कुणी नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे ऐन शिक्षक दिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, पंधरा हजारांवर, असा निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले, आकडा वीसवरून दहावर आला, पुढे तो निर्णयच मागे घ्यावा लागला. माघार घेतलीत हे चांगलं केलंत. पण वीस हा आकडा तुमच्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून तो कसा तयार होतो ते जरा जवळून दाखवतो.

आमच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर पहिला प्रस्ताव तिचाच जायचा. काही घरं ठाकरांची, काही कातकऱ्यांची. शाळा दोन खोल्यांची. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखलेली असते: वार, दिनांक, पट, हजर. ही चौकट भरण्याचा मान पोरं भांडून मिळवतात. पटासमोरचा आकडा मी पस्तिसापासून खाली येताना पाहिला आहे.

पहिली गळती रस्त्याच्या बाजूने झाली. भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपास, नेरळपर्यंत आणि इकडे कर्जतपर्यंत, जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊस उठले, कॉलेजं आली. ज्यांच्या हातात दोन पैसे खेळू लागले त्यांच्या दाराशी सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन थांबू लागली. आधी पाटलाच्या घरची मुलं गेली, मग दुकानदाराची, मग रिक्षावाल्याची. मी कुणाला दोष देत नाही. शाळेत दोन शिक्षकांची पदं असताना एक रिकामं ठेवलंत, दुसऱ्याला निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलंत, तर ज्याला परवडतं तो पोराला काढूनच नेणार. व्हॅन लोकांनी लावली, पण लावायची पाळी तुम्ही आणलीत.

राहिली ती वाडीतली मुलं. त्यांतही कातकऱ्यांची. दिवाळी झाली की वीटभट्टीचा शेठ माणसं न्यायला येतो. उचल आधीच दिलेली असते, पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली. ती फेडायला सगळं घर निघतं. एका आईला मी विचारलं होतं, पोरीला तरी मागे ठेव, तिसरीत आहे, वाचायला लागली आहे. ती म्हणाली, ‘‘कुठं ठेवू गुरुजी? म्हातारी गेली. घरात कोण नाय. भट्टीवर निदान माज्या डोळ्यासमोर राहील.’’ तुमच्याकडे हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी पत्रक आहे, हे मला माहीत आहे. मुलगी जिथे जाईल तिथल्या शाळेत ते पत्रक दाखवून बसू शकते असं त्यात गृहीत धरलेलं आहे. पण भट्टी शाळेच्या वाटेवर नसते. आणि सात-आठ वर्षांची पोर तिथे मोकळीही नसते. धाकट्याला ती सांभाळते, कच्च्या विटा उलटायला हात लावते. उन्हाळ्यात परत येते तेव्हा मुळाक्षरं पुन्हा ‘ग म भ न’पासून.

आता तिसरी गोष्ट, जी तुमच्या संगणकाने केली. ही पोर भट्टीवरच जन्मली. जन्माची नोंद नाही. आधार उशिरा निघालं, त्यात आडनाव चुकलं आणि जन्मतारीख एक जानेवारी पडली. शाळेच्या रजिस्टरात वेगळं, आधारवर वेगळं, त्यामुळे पोर्टलवर तिचं नाव लाल. संचमान्यता आधार जुळलेल्या मुलांवर होऊ लागली, तेव्हा वर्गात पाटी घेऊन समोर बसलेली ही मुलगी तुमच्या हिशेबात नव्हती. पट मोजायचा ३० सप्टेंबरला. त्या दिवशी ती शाळेत असते, पण तिचं आधार जुळत नाही. आधार जुळवून आणेपर्यंत ती भट्टीवर गेलेली असते.

असा होतो तुमचा वीसचा आकडा. ऐपतवाले उठून गेले, उचल घेतलेले नेले गेले आणि उरलेल्यांतली काही पोर्टलने पुसली. त्यानंतर तुम्ही आलात, जे उरलं ते मोजलंत आणि म्हणालात, अरेरे, पट फार कमी आहे.

असा हिशेब घालणारे तुम्ही पहिले नव्हेत. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. मुलगा फी भरायला तयार होता. त्याला नकार मिळाला, त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर असं होतं की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे खरं, पण एकट्या मुलासाठी त्याला आत घेतलं तर बाकीच्या साऱ्यांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी व्हायचा धोका आहे. तिथेही युक्तिवाद संख्येचाच होता. एक विरुद्ध अनेक. तो मुलगा एकटा का होता, त्याच्याआधी त्याच्या जातीचं कुणी शाळेच्या दारापर्यंत का पोचलं नव्हतं, हे त्या उत्तरात नव्हतं. तुमच्या परिपत्रकातही वीसच्या आत मुलं का राहिली हे नाही.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं की रयतेकडून पैसा गोळा होतो आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. प्राथमिक शिक्षण एका वयापर्यंत सक्तीचं करा ही मागणी त्यांनी तिथेच केली. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. महाड आमच्याच जिल्ह्यात आहे, साहेब. कागदावर उघडलेलं दार आणि खरोखर उघडलेलं दार यांत किती अंतर असतं ते आम्हाला शिकवायला नको.

शाळा बंद करण्याचाही एक हुकूम आमच्या इतिहासात आहे. तो मात्र छाती फुगवून सांगावा असा. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवा असं फर्मान काढलं. त्याआधी दोन वर्षं, १९१७ मध्ये, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्यांनी शाळा बंद केली ती मुलांमधलं अंतर मिटवण्यासाठी. जी मुलं वेगळी बसत होती ती बाकीच्यांच्या शेजारी आली पाहिजेत, हा त्यातला हेतू होता.

तुमच्या समूह शाळेच्या बाजूनेही असाच मुद्दा मांडला जातो आणि तो मी टाळणार नाही. सहा-सात मुलांच्या शाळेत पोरांना सवंगडी मिळत नाहीत, कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, चार इयत्ता एकाच खोलीत बसतात, गुरुजी एकाला बेरीज सांगतात तोवर दुसरा खिडकीबाहेर बघतो. खरं आहे. मी हे आयुष्यभर पाहिलं आहे. मुलांना मोठा घोळका हवा असतो. पण मला सांगा, तुम्ही एकत्र कुणाला करणार आहात? या वाडीची कातकरी मुलं, त्या वाडीची ठाकर मुलं आणि पलीकडच्या पाड्याची. गरिबाची पोरं गरिबाच्या पोरांत. व्हॅनमधून गेलेल्या मुलांपैकी एकही तुमच्या समूह शाळेत परत येणार नाही, त्यासाठी तुमच्या कागदात एक ओळही नाही. त्या मुलांच्या शेजारी बसायची जी एक फट कायद्याने ठेवली होती, ती २५ टक्क्यांची, ती तुम्ही फेब्रुवारीत बुजवायला निघालात. वाडीतल्या किती मुलांना ती जागा मिळत होती? फार थोड्यांना. ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, घराचं गुगलवरचं अंतर, यातून कातकरी बाप पार पडत नाही. म्हणून ती फट मोठी करायची होती. तुम्ही सिमेंट घेऊन आलात.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं होतं की शेजारपाजारच्या सगळ्या मुलांची, मालकाची आणि मजुराची, शाळा एकच असावी. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात हे तत्त्व मान्यही झालं. ते अहवाल तुमच्या ग्रंथालयात असतील. कपाटाची किल्ली मागवा.

२००० नंतर याच राज्याने वस्तीशाळा काढल्या. का काढल्या? वाड्या लहान आहेत, लांब आहेत, तिथली मुलं गावच्या शाळेत पोचत नाहीत म्हणून. कमी पैशांत राबणारे निमशिक्षक त्यांत उभे राहिले, झाडाखाली, समाजमंदिरात, कुणाच्या पडवीत वर्ग भरले. पुढे त्या शाळा नियमित झाल्या. हे सरकारचंच काम होतं आणि चांगलं होतं, मी त्याचा साक्षीदार आहे. वस्ती लहान होती म्हणून जी शाळा दिली, तीच आज वस्ती लहान आहे म्हणून काढून घ्यायची?

अंतराचं सांगतो. नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. तुम्ही ते नकाशावर मोजता. आमच्याकडे मधे वहाळ असतो. जुलैत त्याला लोंढा आला की मोठी माणसं काठावर थांबतात. पावसाळ्यात इथल्या धबधब्यांवर आणि ओढ्यांवर जाऊ नका म्हणून पर्यटकांसाठी बंदीचे आदेश निघतात, पोलीस उभे राहतात. योग्यच आहे, माणसं बुडून मेली आहेत. पण मुंबईच्या तरण्याबांड पोराला जे पाणी धोक्याचं, त्यातून आमची सहा वर्षांची पोर दप्तर डोक्यावर घेऊन रोज मोठ्या शाळेत जाईल, असं तुम्ही कशाच्या भरवशावर ठरवलंत? बस देऊ म्हणता. बस डांबरापर्यंत येते. वाडी डांबराच्या वर आहे.

वाट काढायचीच म्हटली तर या डोंगरातून निघते, हेही सांगून ठेवतो. ठोकरवाडीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळातून खाली भिवपुरीत उतरवून टाटांनी १९२२ मध्ये वीज केली आणि ती मुंबईला नेली. मुंबईला वीज हवी होती तेव्हा हा कडा कुणाला उंच वाटला नाही.

इर्शाळवाडी आठवते ना? खालापूर तालुका, १९ जुलै २०२३ ची रात्र. दरड आली आणि ठाकरांच्या वाडीतली कितीतरी घरं गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर जायला रस्ता नव्हता, बचावाची माणसं चिखलातून चढत गेली, मशीन नेता आलं नाही. काही मुलं वाचली ती आश्रमशाळेत होती म्हणून, आणि सकाळी त्यांना कळलं की घर राहिलेलं नाही. आश्रमशाळांनी आदिवासींच्या दोन पिढ्या शिकवल्या आहेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण पहिलीतल्या पोराने आईच्या कुशीतून उठून शिकायला लांब राहायला जावं, ही पाळी शक्य तितकी उशिरा यावी. वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा त्यासाठी असते. ती मोडली की उरतात दोन रस्ते, वसतिगृह नाहीतर भट्टी. मुलीच्या बाबतीत बहुतेक वेळा तिसरा, लग्न.

साहेब, मला तुमच्याकडून सहानुभूती नको. चार गोष्टींची लेखी उत्तरं हवी आहेत. रायगड जिल्ह्यातल्या ज्या शाळा वीसच्या आत आहेत, त्या प्रत्येकीत गेल्या दहा वर्षांत शिक्षकाचं पद किती महिने रिकामं होतं? आधार न जुळल्यामुळे किती मुलं पटातून वगळली आणि त्यामुळे किती पदं गेली? भट्टीवर गेलेल्या मुलांपैकी शिक्षण हमी पत्रक घेऊन किती जणांनी दुसऱ्या शाळेत खरोखर नाव घातलं? आणि चौथी, वाडीवरची शाळा मोठ्या शाळेत मिसळायची ठरवलीत, तर त्या मोठ्या शाळेत तहसीलदार, डॉक्टर, गटविकास अधिकारी आणि बिल्डर यांच्यापैकी कुणाची मुलं शेजारी बसणार आहेत?

या चौथ्याचं उत्तर ‘कुणाचीही नाही’ असं असेल, तर तसंच लिहा, पण लिहा.

आणि एकदा या. कर्जत लोकल पकडा, भिवपुरी रोडला उतरा. सोमवारी या, आठवड्याच्या सुरुवातीला हजेरी चांगली असते. दिवाळीच्या आधी या, म्हणजे भट्टीवर जाणारी मुलंही भेटतील. वर चढायला तासभर लागेल, पायात चप्पल नको, बूट घाला. मोजणीला आकडा लागतो ना तुम्हाला, तर फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट त्या दिवशी तुमच्या हाताने भरा. पोर्टलवर लाल असलेल्या पोरांना उभं राहायला सांगू, त्यांनाही धरा. खिचडी पोरांबरोबर जेवा. उत्तर पाठवणार असाल तर सोप्या मराठीत पाठवा, पंचायत समितीमार्फत नको, थेट शाळेच्या पत्त्यावर. वाडीतल्या आईबापांना बसवून ते वाचून दाखवायचं आहे, आणि वाचणार चौथीतली मुलगी आहे.

आपला,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त शिक्षक
भिवपुरी, ता. कर्जत, जि. रायगड